एका ड्रमातलं पाणी

(जिवती इथं महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला आज 'मूल्यसंघर्ष आणि संघटना' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना मी याच विषयावर मोठं टिपण लिहिलं होतं आणि चांगले गुणही मिळवले होते. संघर्ष सोडवण्याच्या पायऱ्या मला ओळीनं पाठ होत्या. पुढं नोकरीच्या निमित्तानं इथं आले, दोन बायकांबरोबर एका घरात राहायला लागले आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या सगळ्या पायऱ्यांवरून घसरले. म्हणून आज मी पुस्तकातलं बोलणार नाही, त्या घराबद्दल बोलणार आहे. घरातल्या दोघींना विचारूनच बोलते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावंही घेणार नाही, एकीला मॅडम म्हणेन, दुसरीला सिस्टर. गावही त्यांना याच नावांनी ओळखतं.

जिवतीत एकट्या बाईला खोली मिळणं किती अवघड आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. नर्स, शिक्षिका, प्रकल्पातली कार्यकर्ती, बँकेतली मुलगी, सगळ्या बाहेरून येतात आणि घरं थोडी. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग 'मिस्टर काय करतात' विचारतो, मग भाडं सांगतो. त्यामुळे दोघी-तिघी मिळून राहतात. मैत्री असते म्हणून नव्हे, दुसरा पर्याय नसतो म्हणून. आम्हीही तशाच जमलो.

मॅडम कंत्राटी शिक्षिका, चाळिशीच्या जवळ आलेल्या. घर मूळचं लातूरकडचं. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली जी कुटुंबं हा माणिकगडचा डोंगर चढून आली, त्यांतलंच एक. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, रोज संध्याकाळी हरिपाठ. सिस्टर एटापल्लीकडची माडिया, वय पंचवीस, आरोग्य केंद्रात एएनएम. शिकत शिकत आश्रमशाळेतून इथवर आलेली. आणि तिसरी मी, शहरात वाढलेली, देव न मानणारी, तोंडाची फटकळ.

दोन खोल्या, एक मोरी, एक गॅस आणि एक दोनशे लिटरचा निळा ड्रम. या गोष्टीत तो ड्रम महत्त्वाचा आहे.

पाणी फेकलं तो दिवस

मे महिना होता. डोंगरावरचा मे तुम्हाला ठाऊक आहे. बोरिंगला धार नसते, टँकरची वाट बघायची. आम्ही तिघींनी पाळ्या लावून ड्रम भरला होता. दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले तर मोरीतून पाणी वाहून अंगणात चिखल झालेला. सिस्टरची पाळी सुरू होती आणि तिनं ड्रममध्ये हात घालून तांब्या भरला होता. ते पाहून मॅडमनी ड्रम आडवा केला होता.

सिस्टर उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "भाडं माझंपण जाते ना? गुंडी डोक्यावर मीपण आणली ना? मग माझा हात काहून वाईट?"

मॅडम म्हणाल्या, "मी तिला बाहेर बस म्हणलं का? शिवी दिली का? माझ्या पूजेचं पाणी त्यातलंच आहे. मला नाही चालत. आजवर कधी चाललं नाही."

मग मी सुरू झाले. घटनेचं १७ वं कलम सांगितलं. पाळीचं शरीरशास्त्र सांगितलं, तेही एका नर्ससमोर. शबरीमला निकाल सांगितला. वर सोयराबाईंचा दाखला दिला. देहाच्या विटाळावर प्रश्न विचारणारी, चोखोबांच्या घरातली ती संत कवयित्री तुमच्याच वारकरी परंपरेतली ना, असं मॅडमना विचारलं. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सोयराबाई मला पाठ आहे, ताई. तुम्ही पुस्तकात वाचली असेल. आणि परवा तुम्ही दोघी माझ्या माळेवरून हसत होतात, तेही मी ऐकलंय."

ते खरं होतं. आम्ही हसलो होतो.

त्यानंतर त्या घरात अकरा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. तीन चहा वेगवेगळे होत होते.

त्या अकरा दिवसांत मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होते. मुद्दा तर माझा बरोबर होता. मग काही हललं का नाही? आज मला त्याचं उत्तर देता येतं. मी मॅडमचं वागणं बदलायला निघालेच नव्हते, मला त्यांना हरवायचं होतं. आणि बोलताना माझं तोंड मॅडमकडे असलं तरी सिस्टरलाही मी काही विचारलं नव्हतं. तिच्या वतीनं मीच लढत होते.

सिस्टरला विचारलं तेव्हा

शेवटी एका रात्री अंगणात बसून मी सिस्टरला विचारलं. मला वाटलं होतं, ती प्रथा किती वाईट ते सांगेल. ती वेगळंच बोलली.

एटापल्ली-भामरागडकडे कुरमा घराची चाल आहे. पाळीच्या दिवसांत बाईनं गावाच्या कडेला वेगळ्या झोपडीत राहायचं. सिस्टर म्हणाली, "ताई, मी गावी गेली का कुरम्यात बसते. आईला वाईट वाटू नये म्हणून. तिथं बाया बोलतात, हसतात, त्या दिवसांत धान कांडा लागत नाही. पण पावसाळ्यात साप निघते, थंडीत पोरी आजारी पडतात, ते मी नर्स म्हणून पाहिलं आहे. मला ते चांगलं वाटते असं नाही. पण तिथं मी माझ्या लोकांत जाते. इथं मला कुणी काढते. त्यात फरक आहे ना?"

मैत्रिणींनो, हा फरक माझ्या टिपणात नव्हता. कुरमा घरांबद्दल आपल्यातही एकमत नाही. अलीकडच्या वर्षांत गडचिरोलीत काही ठिकाणी संडास-न्हाणी, पलंग असलेली पक्की घरं बांधून दिली गेली. काही कार्यकर्त्या म्हणतात, निदान आज कुणी बाई सापानं मरणार नाही. दुसऱ्या म्हणतात, सिमेंटमध्ये बांधली तर प्रथा आणखी पन्नास वर्षं टिकेल. दोन्ही बाजूंच्या बायका प्रामाणिक आहेत. ज्यांना त्या झोपडीत झोपायचं आहे त्यांना विचारल्याशिवाय हा वाद मिटवता येणार नाही, एवढं मला त्या रात्री कळलं.

माझी परीक्षा

मी इथवर स्वतःला बरी बाजू समजत होते. जूनमध्ये तोही भ्रम गेला.

सिस्टरचा एक मित्र होता, तिच्याच भागातला, नोकरीला घाटाखाली. दोघं पुढं एकत्र राहणार, हे दोन्ही घरी माहीत होतं. तिच्या गावात आधी एकत्र राहून मग सवडीनं लग्नाचा विधी करणारी जोडपी आहेत, त्यात कुणाला पाप दिसत नाही. एका रविवारी तो आला. संध्याकाळी पावसानं झोडपलं, घाटातली शेवटची गाडी गेली आणि तो पुढच्या खोलीत झोपला. सकाळी घरमालकीण मावशी दारात. "गावात बोभाटा व्हायला लागलाय. असलं असेल तर खोली रिकामी करा."

मॅडम घाबरल्या. त्यांच्या दृष्टीनं ते चूक होतंच, पण नुसतं तेवढं नव्हतं. म्हणाल्या, "माझ्या भावाला कळलं तर तो मला नोकरी सोडून घरी चल म्हणेल. बारा वर्षं झगडून मी ही नोकरी टिकवली."

आणि मी? दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये खुशबू प्रकरणात स्पष्ट केलं होतं. मी ते शिबिरांमधून सांगत होते. पण त्या सकाळी मला माझी गावातली बैठक आठवली. बचत गटाच्या बायका काय म्हणतील, सरपंच काय म्हणतील, माझ्या कामाचं काय होईल. मी सिस्टरला बाजूला घेऊन म्हटलं, "हे बघ, मला काही नाही, पण मॅडमना चालत नाही. त्याला इथं आणू नकोस."

'मला काही नाही, पण मॅडमना चालत नाही.' हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. भीती माझी होती आणि ती मी दुसरीच्या सोवळ्यामागं लपवली. ज्या मॅडमना मी मागास म्हणत होते, त्यांचंच मागासपण माझ्या सोयीला वापरलं. सिस्टरला ते लगेच कळलं. तिनं आपली पेटी बांधायला घेतली. म्हणाली, "मॅडम तोंडावर बोलतात. तुम्ही नाही बोलत."

आम्ही कशा बसलो

त्या संध्याकाळी वीज गेली होती. पेटी दाराशी ठेवलेली होती. बसायचं सुचवलं ते मॅडमनी, मी नव्हे, हे मुद्दाम सांगते. म्हणाल्या, "जायचं तर जा गं, पण अशी नको जाऊ. आपण तिघी एकदा बोलू."

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एकीचं पुरं होईपर्यंत दुसरीनं बोलायचं नाही. 'तुमच्या लोकांत', 'तुमच्या धर्मात', 'तुमच्या शहरात' असं म्हणायचं नाही, 'मला' म्हणून बोलायचं. आणि कोण बरोबर ते आज ठरवायचं नाही. फक्त दोन गोष्टी सांगायच्या. मला काय सोडता येणार नाही आणि मला काय सहन होणार नाही.

सुरुवात मी केली, माफी मागून. माळेवरून हसल्याबद्दल मॅडमची. त्यांच्या आड लपल्याबद्दल दोघींची. माफी हे काही तंत्र नाही, पण एवढं सांगते, त्यानंतरच खरं बोलणं सुरू झालं.

मॅडम म्हणाल्या, मला माझी पूजा सोडता येणार नाही. माझ्या नेमाला कुणी हसलेलं सहन होणार नाही.

सिस्टर म्हणाली, मला माझं माणूस लपवता येणार नाही. माझ्या हाताला कुणी वाईट म्हटलेलं सहन होणार नाही.

मी म्हटलं, मला गावातलं काम सोडता येणार नाही. घरात कुणी कुणाला शिवत नाही हे सहन होणार नाही.

मग कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही तीन भाग पाडले. पहिला, जिचं तिचं. दुसरा, सामाईक. तिसरा, ज्यावर घासाघीस नाही. पूजा, उपास, खाणं, न खाणं, कपडे, प्रेम हे जिचं तिचं. पाणी, गॅस, मोरी, किल्ली, भाडं, पाहुणे हे सामाईक. आणि तिसऱ्या भागात एकच ओळ आली, घरात कुणाच्या हाताचा, जातीचा, अंगाचा विटाळ मानून तिला सामाईक वस्तूपासून दूर ठेवायचं नाही.

ही ओळ सहज आली नाही. मॅडमनी आधी सुचवलं होतं की ड्रमला नळ बसवू, म्हणजे कुणाचा हातच पाण्याला लागणार नाही, वादच नको. मला ते फार आवडलं होतं. शे-दीडशे रुपयांत प्रश्न सुटत होता. सिस्टर नाही म्हणाली. "नळ लावला तर माझा हात वाईट आहे, हे मीच कबूल केलं." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मॅडमच म्हणाल्या, "बरं. मग माझ्या देवाची आणि माझ्या पिण्याची घागर मी वेगळी भरते. ड्रम सगळ्यांचा."

यातून आम्हाला जो नियम मिळाला, तो मी आज तुमच्यापुढं ठेवते. जिला नेम पाळायचा तिनं तो पाळावा, पण त्याचं ओझं तिनं स्वतः उचलावं. वेगळी घागर हवी तर ती मॅडमनी भरायची, वाहायची, सांभाळायची. सिस्टरनं हात आवरायचा नाही. स्वतःवर घातलेलं बंधन वेगळं आणि दुसरीवर घातलेलं वेगळं. पहिल्यात मी वाद घालू शकते, जबरदस्ती करू शकत नाही. दुसऱ्यात मी गप्प बसू शकत नाही.

पाहुण्यांचंही असंच झालं. सिस्टरनं आठवण दिली की फेब्रुवारीत मॅडमचा भाऊ दोन रात्री राहून गेला, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. ते बरोबर होतं. भाऊ पुरुष नसतो का? तेव्हा ठरलं, दिवसा कुणाचाही पाहुणा सांगून येईल, पुढच्या खोलीत बसेल, जेवेल. रात्री पुरुष पाहुणा राहणार नाही, भाऊ असो, मित्र असो, माझा मावसभाऊ असो. अडचण आलीच तर तिघींची हो हवी. सिस्टरला हे मनापासून पटलं नाही. ती म्हणाली, "चालते, कारण सगळ्यांना एकच आहे." नंतर आम्ही तिघी मिळून मावशींकडे गेलो आणि सांगितलं, आमच्या घराचा नियम असा आहे, काही विचारायचं असेल तर तिघींना एकत्र विचारा. मावशी कुरकुरल्या, पण खोली राहिली.

हे भांडण जुनं आहे

कुणी म्हणेल, तीन बायकांच्या घागरीची ही गोष्ट, तिचं चळवळीत काय काम? पण एका छताखाली वेगळ्या मूल्यांच्या बायका कशा राहणार, हा प्रश्न आपल्याकडं स्त्रीशिक्षणाइतकाच जुना आहे.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांना शिकायला जागा हवी होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, पण सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं आणि मुलींनी आपापल्या सोवळ्याप्रमाणे वागायचं, असं ठरलं होतं. पुढं अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, तेव्हाच्या गोदूबाई, तिथं शिकल्या. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली जाऊन बसू लागल्या. हे रमाबाईंचं स्वातंत्र्य की मुलींवरचा दबाव? १८९३ मध्ये वाद पेटला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि वीसहून जास्त मुलींना पालकांनी काढून नेलं. या वादात मोठमोठ्या पुरुषांनी लिहिलं. पण ज्या मुलींना नेलं, त्यांना राहायचं होतं की नाही, हे किती जणांनी विचारलं? शिक्षण सुटलं ते मुलींचं.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली आणि ती आपल्याला जास्त बोचली पाहिजे. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन झालं. दलित मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी तिथं होत्या. जेवणाच्या वेळी सवर्ण बायकांनी त्यांना वेगळं बसायला लावलं. दलित स्त्रियांनी त्याचा निषेध केला, आपली सभा घेतली आणि १९४२ मध्ये नागपुरातच दलित स्त्रियांची मोठी परिषद भरली. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात हा इतिहास जमवला नसता तर आपण तो सोयीनं विसरलो असतो. त्या पंगतीतल्या बाया स्वतःला दुष्ट समजत नसणार. त्यांनाही वाटत असेल, आम्ही कुणाला शिवी दिली का, आम्हाला फक्त चालत नाही.

म्हणून 'मूल्यांमधला फरक' हा शब्द मी जपून वापरते. कुणी मांस खातं, कुणी खात नाही, हा फरक. कुणी हरिपाठ म्हणतं, कुणी पेरसापेनला मानतं, कुणी काहीच मानत नाही, हा फरक. पण कुणाला पंगतीतून, पाण्यावरून, घरातून उठवलं जातं, तेव्हा तो फरक राहत नाही. महाडला १९२७ मध्ये पाण्यासाठीच सत्याग्रह करावा लागला होता. जातीवरून असं वागवलं तर कायदा आहे, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथं गोल करून बसायचं नाही, तक्रार करायची.

पाळीच्या बाबतीत कायदा एवढा सरळ नाही. शबरीमला प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये न्या. चंद्रचूड यांनी पाळीवरून स्त्रीला दूर ठेवणं हा अस्पृश्यतेचाच प्रकार आहे, असं मांडलं. त्याच पीठावरच्या एकमेव स्त्री न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं मत विरुद्ध होतं आणि २०१९ मध्ये त्यातले मोठे प्रश्न अधिक न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवले गेले. पण नेम दुसऱ्यावर लादला की तो कुठवर जातो, हे फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत भूजच्या एका वसतिगृहात दिसलं. पाळीतल्या मुलींनी वेगळं जेवायचं, असा तिथला नियम. तो मोडला असा संशय आला म्हणून ६८ मुलींचे कपडे उतरवून तपासलं गेलं. तपासणाऱ्याही बायकाच होत्या.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या याच तालुक्यात, वणी खुर्दला, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना, बायकांना भर चौकात बांधून मारलं गेलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून होता. मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतो आहोत असंच वाटत होतं. आपलंच खरं ही खात्री जमावाच्या हातात गेली की काय होतं, ते आपण जवळून पाहिलं आहे. म्हणून घरात, गटात, दोघी-तिघींत असतानाच बोलायची सवय लागली पाहिजे.

संघटना हेही एक घर

आता आपल्या गटांकडं येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी दारूबंदीसाठी किती खस्ता खाल्ल्या हे इथं बसलेल्या अनेकींनी अंगावर सोसलं आहे. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत बायका पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली, मे २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. त्या काळात आपल्याच बैठकांमध्ये एक भांडण धुमसत होतं. नवऱ्याच्या दारूनं मार खाल्लेली बाई म्हणायची, थेंबही नको. गोंड, कोलाम बाई म्हणायची, मोहाशिवाय आमच्या देवाचं, लग्नाचं, मयताचं होत नाही, पोलीस दुकानदाराला सोडून माझ्या चुलीवरचा मडका फोडतो. आपण काय केलं? बऱ्याचदा दुसरीला गप्प बसवलं. म्हटलं, एकजूट मोडू नका. मी स्वतः तसं म्हटलेलं आहे.

तेव्हा आम्ही कॅलेंडरच्या पाठीवर मांडले ते तीन भाग मांडले असते तर? देवाला वाहिलेला मोह जिचा तिचा. गावात दुकान असावं की नसावं हे सामाईक, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आणि बाईला मारहाण यावर घासाघीस नाही, मारणारा दुकानातली पिऊन आलेला असो की घरची. कदाचित भांडण मिटलं नसतं, पण त्या बाया बैठकीतून उठून गेल्या नसत्या.

गटांत काम करताना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगते. एक, वाद पेटलेला असताना बैठक घेऊ नका, पण महिनाही जाऊ देऊ नका. दोन, जिच्यावर अन्याय झाला तिला आधी एकटीला विचारा, तिच्या वतीनं परस्पर बोलू नका. तीन, आपली भीती दुसरीच्या नावावर खपवू नका. चार, नियम करायचा तर तो सगळ्यांना सारखा लावून पाहा, भावाला लावता येत नसेल तर मित्रालाही लावू नका. आणि समोरची बाई वस्तुतः जबरदस्ती करत असेल, मारत असेल, जात काढत असेल, तर यातलं काहीही करू नका. तिथून त्या मुलीला आधी बाहेर काढा, बोलणं मागाहून.

शेवटी आमच्या घराचं काय झालं ते सांगते. पावसाळ्यात मॅडमना पाळीत फार रक्तस्राव झाला. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन मोरीत पडल्या. सिस्टरनं उचलून आणलं, ड्रममधला तांब्या भरून पाणी पाजलं, गाडी बघून घाट उतरून गडचांदूरला नेलं. रक्त फारच कमी होतं. पुढं महिनाभर सिस्टर रोज रात्री लोहाच्या गोळ्या मोजून त्यांच्या हातावर ठेवत होती.

यानंतर मॅडम बदलल्या असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं झालं नाही. त्या अजूनही आपली घागर वेगळी भरतात, पाळीत देवाजवळ जात नाहीत. मी अजूनही त्यांच्याशी त्यावरून वाद घालते आणि त्या अजूनही मला निरुत्तर करतात. सिस्टरची बदली झाली. जाताना तिनं मॅडमना विचारलं, "मी आली तर ड्रममधून पाणी घेऊ ना?" मॅडम म्हणाल्या, "विचारतीस काय गं? तुझाच आहे."

दिवाळीला ती आली होती, मित्राला घेऊन. दुपारी आले, जेवले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. मॅडमनी त्याला शंकरपाळ्यांचा डबा दिला. त्यांच्या मते ते दोघं अजूनही चुकतच आहेत.

माझं बोलणं इथं संपवते. आता तुमच्या घरांतलं, गटांतलं ऐकायचं आहे.